गळ्यातला पेन ड्राइव्ह

३ मार्च
संस्थेतलं इंटरनेट आज बंद केलं. वायर मी स्वतः उपटली. मशीन एकमेकांना जोडणाऱ्या वायरीही काढल्या, गुंडाळल्या, कपाटात टाकल्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे.

आता पाचही मशीन सुटी. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागणार नाही. व्यवस्थापक झाल्यापासूनचा हा माझा सर्वांत मोठा निर्णय. कोणाला विचारलं नाही, म्हणून लवकर झाला.

रेकॉर्डिस्टने विचारलं, मग वाचनाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग एडिटिंगच्या मशीनवर जाणार कसं? आणि तिथून कॉपीच्या मशीनवर? म्हटलं, मी नेणार. पेन ड्राइव्ह दाखवला. निळा. दोरीत ओवून गळ्यात घातला आहे. तो म्हणाला, एकच? म्हटलं, दहा हातांत गेलं की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. तो म्हणाला, साहेब, आणि हरवला तर? म्हटलं, मान हरवते का कधी? त्याने हेडफोन लावले.

४ मार्च
फाइल नेण्यात मजा आहे. वाचनाची खोली, एडिटिंग, कॉपी, पुढचं टेबल, माझी केबिन, पुन्हा वाचनाची खोली. चालणं होतं. खुर्चीत बसून संस्था चालत नाही.

आज सासूबाईंचा वाचनाचा दिवस. पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायच्या. आता ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे पुस्तकं वाचतात. सध्या पूल बांधणाऱ्या एका घराण्याची जाड कादंबरी घेतली आहे. निम्मी झाली. रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल दिवा लागलेला होता, पण फाइल न्यायची वेळ झाली म्हणून मी आत गेलो. सासूबाई वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, जावईबापू, हा दिवा माझ्यासाठी लावलाय की तुमच्यासाठी? परिच्छेद पुन्हा घ्यावा लागला.

नवा नियम: लाल दिवा असताना आत जायचं ते चप्पल काढून.

५ मार्च
सासूबाईंच्या घशाचा रिपोर्ट आला. गाठ आहे. ऑपरेशन २८ तारखेला. सर्जन म्हणाल्या, गाठ निघेल, आवाजाचं मात्र सांगता येणार नाही. कुजबुज राहील कदाचित. कदाचित तीही नाही. सासूबाईंनी एवढंच विचारलं, तोवर वाचू शकते ना? सर्जन म्हणाल्या, बेताने.

 परतताना गाडीत, सिग्नलला, सासूबाई म्हणाल्या, अजून दोन पूल आणि एक लग्न उरलंय. उरकून टाकते.

घरी आल्यावर बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, आईचं सगळं रेकॉर्डिंग जपा. संस्थेसाठी नाही, माझ्यासाठी. एक प्रत घरी ठेवा आणि एक माझ्या भावाला पाठवून द्या. भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. संगणकवाला. म्हटलं, पाठवणार कसं? संस्थेचं इंटरनेट बंद आहे. ती म्हणाली, मग चालू करा. म्हटलं, आणि दोन-दोन प्रती झाल्या की खरी कुठली, हा वाद होतो. पेन ड्राइव्हवर हात ठेवून म्हटलं, यापेक्षा सुरक्षित जागा नाही.

ती काही बोलली नाही. पटलं असावं.

७ मार्च
पुढच्या टेबलावरचं मशीन हळू चालतं. तिथल्या बाई म्हणतात, एक पत्ता छापायला देते आणि चहा पिऊन येते. इंजिनियरला बोलवा, असाही सल्ला दिला. इंजिनियर कशाला? डोकं आपल्यालाही आहे.

संध्याकाळी घरच्या संगणकावर शोध घेतला. मशीन वेगवान करणारं सॉफ्टवेअर सापडलं. फुकट. पानावर रॉकेटचं चित्र. डाउनलोड होताना त्याने बरंच काही विचारलं. मी प्रत्येक ठिकाणी हो म्हटलं. उगाच अडवून धरायचा माझा स्वभाव नाही.

पेन ड्राइव्हवर घेतलं.

८ मार्च
पाचही मशीनना रॉकेट लावलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, माझ्या मशीनला काही झालेलं नाही, त्याला राहू द्या. म्हटलं, झाल्यावर लावतात ते औषध. आधी लावतात ती लस.

हे वाक्य चांगलं जमलं. वार्षिक सभेत वापरायचं.

९ मार्च
रॉकेटचा परिणाम दिसू लागला. पेन ड्राइव्हवरच्या प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात आता छोटा बाण आहे. टापटीप दिसतो. तपासलेल्या फोल्डरची खूण असणार. क्लिक केलं की क्षणभर विचार करून उघडतो. विचार करून उघडणं केव्हाही चांगलं.

११ मार्च
पाचही मशीनवर बाण आले. सगळीकडे सारखं दिसतं. एकसूत्रीपणा, ज्यासाठी मी इतकी वर्षं झगडतो आहे.

बाई म्हणतात, आता पत्ता छापायला दिल्यावर दोन चहा होतात. म्हटलं, नव्या गोष्टीला रुळायला वेळ लागतो. त्या म्हणाल्या, मशीनला की मला? दुर्लक्ष केलं.

आज तीनदा बसायचा प्रयत्न केला. बसवत नाही. कुठल्या तरी खोलीत फाइल तयार होऊन माझी वाट बघते आहे असं वाटत राहतं.

१३ मार्च
पियानो ट्यून करणाऱ्या गृहस्थांचा फोन. हे आमचे पहिले श्रोते. जन्मापासून दिसत नाही, कान मात्र असा की सासूबाईंनी दोन दिवसांच्या अंतराने वाचलेलं वाक्य जोडलं तर जोड ओळखतात. म्हणून पुस्तक पूर्ण व्हायच्या आधी प्रकरणं फक्त त्यांना जातात. त्यांचा पेन ड्राइव्ह मीच भरून देतो.

म्हणाले, प्रकरण उत्तम. पण तुमचा पेन ड्राइव्ह लावला आणि पुतणीचा संगणक आजारी पडला. तिने तो पेन ड्राइव्ह शाळेत नेला, आता शाळेचे संगणकही पडलेत. म्हटलं, शाळेत मुलं काय काय उघडत असतात. ते म्हणाले, असेल बुवा. मग म्हणाले, बाईंचा आवाज जरा दमल्यासारखा येतोय. बऱ्या आहेत ना?

म्हटलं, उत्तम.

१४ मार्च
सासूबाई रोज येतात आता. गरम पाण्याची बाटली, मफलर, उशी. पानभर वाचतात, थांबतात, पाणी पितात, पुन्हा वाचतात. मी पेन ड्राइव्ह घेऊन दर पानाला आत जातो. पूर्ण प्रकरणाची वाट बघण्यात धोका आहे. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या बुटांचा आवाज कादंबरीत आलाय, आता एखादं पात्र वाढवावं लागेल. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

चप्पल काढण्याचा नियम बुटांनाही लागू करायचा.

१६ मार्च
मेहुणा आईला भेटायला म्हणून आला आणि जेवायला राहिला. जेवताना म्हणाला, भाऊजी, गळ्यात काय बांधलंय? शिट्टी? बायको म्हणाली, आईचा आवाज आहे त्यात. त्याने हात पुढे केला. द्यावा लागला.

त्याच्या लॅपटॉपला लावल्याबरोबर लॅपटॉप लाल झाला आणि ओरडू लागला. भित्रं मशीन आहे. मेहुण्याने घास तसाच ठेवला. म्हणाला, भाऊजी, किडा आहे यात. म्हटलं, व्हायरस शक्य नाही, इंटरनेट बंद आहे. तो म्हणाला, व्हायरस नाही, किडा. व्हायरस एखाद्या फाइलला चिकटून बसतो, ती फाइल कोणीतरी उघडली की पसरतो. किड्याला असं कोणाला चिकटावं लागत नाही. तो स्वतःच चालतो, स्वतःची प्रत काढतो, त्याला फक्त वाट लागते. मशीन वायरीने जोडलेली असली तर वायरीतून जातो. नसली तर पेन ड्राइव्हची वाट बघत बसतो. पेन ड्राइव्ह लागला की त्यावर चढतो, पुढच्या मशीनला लागला की उतरतो. तिथे पुन्हा प्रत. आणि हे बाण बघा. तुमचे खरे फोल्डर त्याने लपवलेत आणि त्यांच्या जागी तसेच दिसणारे तोतये ठेवलेत. तोतयावर क्लिक केलं की आधी किडा चालतो, मग खरा फोल्डर उघडतो. म्हणून तर तुम्हाला कळत नाही.

मी विचारलं, मग आईंच्या फाइली? तो म्हणाला, फाइली जात नाहीत, नुसत्या लपतात. मला एक दिवस द्या, सगळी मशीन बघतो. तोवर काही पुसू नका, काही टाकू नका, हे गळ्यातलं कुठेही लावू नका.

कळवतो म्हटलं. त्याला एकदा संस्थेत घेतलं की पुढे प्रत्येक जेवणात ती गोष्ट ऐकावी लागेल. भात वाढतानासुद्धा.

१८ मार्च
मेहुण्याच्या बोलण्यात एक मुद्दा खरा. किडा आपल्या पायांनी येत नाही, कोणीतरी आणतं. शोधून काढायचं ठरवलं.

बाईंना केबिनमध्ये बोलावलं. विचारलं, मशीन कधीपासून बिघडलं? म्हणाल्या, तुम्ही ते गळ्यातलं लावून गेलात तेव्हापासून. मग रेकॉर्डिस्टला. तो म्हणाला, साहेब, तुम्ही येऊन गेलात की सुरू होतं. मग पियानोवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, तुम्ही दिलेला लावल्यावर.

तिघांनी वेगवेगळं सांगितलं, पण एकच. चित्र स्पष्ट आहे. मी जिथे जातो तिथे कोणीतरी माझ्या मागोमाग येतं. माझ्यावर पाळत आहे.

१९ मार्च
फेऱ्या वाढवल्या. दोन मशीनमध्ये कुठे थांबायचं नाही, मागे वळून बघत जायचं. दिवसभरात पाठलाग करणारा दिसला नाही. सावध आहे.

बायकोने विचारलं, भावाला कधी बोलावताय? म्हटलं, आईंचं पुस्तक संपू दे. वाचन चालू असताना मशीन उघडायची म्हणजे आईंच्या कामात व्यत्यय. व्यत्यय हा शब्द ऐकून ती माझ्याकडे बघत राहिली.

२१ मार्च
सासूबाईंचा आवाज आज मध्येच गेला. ओठ हलत होते, बाहेर काही नाही. रेकॉर्डिस्टने दिवा विझवला. त्या बाटली हातात धरून बसल्या. मी दाराबाहेर होतो. पेन ड्राइव्ह हातात होता. आत गेलो नाही. का, माहीत नाही.

थोड्या वेळाने आवाज आला. नव्याने तापलेल्या रेडिओसारखा, आधी खरखर, मग स्वच्छ. त्यांनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

फाइल उशिरा नेली. चालेल.

२२ मार्च
पियानोवाल्यांकडचा पेन ड्राइव्ह परत मागवला. तपासणीसाठी. ते म्हणाले, त्यात सगळी प्रकरणं आहेत हो, मी रोज मागचं पुन्हा ऐकतो. म्हटलं, साफ करून देतो. म्हणाले, तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच. त्यांची पुतणी आणून देऊन गेली. माझ्याशी बोलली नाही. शाळेत त्रास झाला असावा.

२४ मार्च
पुस्तक संपलं.

शेवटचं प्रकरण आम्ही सगळ्यांनी काचेपलीकडे उभं राहून ऐकलं. बाईही टेबल सोडून आल्या. शेवटचं वाक्य असं आहे: एवढ्या वर्षांनी नदीला पुलाची सवय झाली. सासूबाईंनी ते एकदा वाचलं. मग म्हणाल्या, नाही, पुन्हा घेते, जास्तच रडका सूर लागला. दुसऱ्यांदा साधं वाचलं, बातमीसारखं. तेच चांगलं.

रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. सासूबाईंनी पुस्तक मिटलं आणि मफलर गुंडाळत म्हणाल्या, झालं बाई. आता गेला तरी चालेल.

फाइल मी नेली. पेन ड्राइव्हवर आता सबंध कादंबरी आहे. शर्टाच्या आत घातला. गार लागतो.

२५ मार्च, सुटी
सुटीच्या दिवशी एकट्याने संस्थेत आलो. कोणी नव्हतं. महत्त्वाची कामं एकांतात चांगली होतात. उद्या सगळे येतील तेव्हा किडा गेलेला असेल, आणि मेहुण्याला फोनवर सांगता येईल, तसदी घेऊ नकोस.

काल घरी आणखी एक सॉफ्टवेअर मिळवलं होतं. झाडूचं चित्र. पाचही मशीनवर आणि दोन्ही पेन ड्राइव्हवर झाडू फिरवला. काम चोख. बाण असलेलं एकूण एक काढून टाकलं.

पेन ड्राइव्ह उघडला. रिकामा.
वाचनाच्या खोलीतलं मशीन. कादंबरीचा फोल्डर नाही.
एडिटिंग. नाही. कॉपी. नाही. माझं. नाही.
पियानोवाल्यांचा. नाही.

जरा वेळ मशीनमधून मशीनकडे फिरलो. कुठेतरी असेल असं वाटत होतं. नव्हतं. किड्याने पुस्तक खाल्लं. आणि खाऊन किती सुजला बघा: पेन ड्राइव्हमध्ये डोळ्यांना एक फाइल दिसत नाही, पण प्रॉपर्टीज म्हणतात जागा जवळजवळ संपली. सगळ्या मशीनवर हेच. दिसायला रिकामं, मोजायला भरलेलं. एवढा मोठा किडा मी आयुष्यात पाहिला नाही.

तेव्हा निर्णय घेतला. फॉरमॅट. मशीनने विचारलं, सगळं पुसलं जाईल, खात्री आहे? काही दिसतच नाही तर पुसलं काय जाणार? क्विक की फुल, असंही विचारलं. फुल. आपण अर्धवट काम करत नाही.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ लागला. या मशीनपासून त्या मशीनपर्यंत येरझारा घालून पाय दुखतात. पण संस्था आज स्वच्छ आहे. फाइलींचं मेहुणा बघेल. त्यानेच सांगितलंय, फाइली जात नाहीत.

२६ मार्च
मशीन विजेसारखी चालतात. बाई म्हणाल्या, आज चहाला वेळच मिळाला नाही. मान्य केलं शेवटी.

रेकॉर्डिस्टने विचारलं, साहेब, कादंबरी कुठाय? म्हटलं, सुरक्षित. तो म्हणाला, कुठे? म्हटलं, प्रक्रियेत आहे. तो माझ्या गळ्याकडे बघत राहिला. लोकांना बघायला दुसरी जागा नाही.

२७ मार्च
मेहुण्याला फोन करणार होतो. पण उद्या ऑपरेशन. आदल्या दिवशी घरातल्यांना ताण देणं बरं नाही. परवा करतो.

सासूबाईंना हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. शेवटचं प्रकरण ऐकायचं म्हणाल्या. स्वतःचं कधी ऐकलं नाही, आता एकदा ऐकून घेते. म्हटलं, ऑपरेशन झालं की शांतपणे ऐका. म्हणाल्या, तेही खरं. मग बायकोशी बरंच बोलल्या. किरकोळ. गॅस कंपनीचा नंबर, शेजारणीचं कुंड्यांना पाणी, कुठल्या साडीला फॉल लावायचा. बायको नुसती हं हं करत होती आणि त्यांना आणखी विचारत होती. फॉल कुठल्या रंगाचा, हे तिने तीनदा विचारलं.

मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घातल्या.

२८ मार्च
ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. सर्जन म्हणाल्या, जीवाला धोका नाही. दोन स्वरतंतूंपैकी एक वाचवता आला नाही. कुजबुज येईल, महिन्या-दोन महिन्यांनी. पूर्वीचा आवाज येणार नाही.

बायको म्हणाली, तरी बरं, सगळं रेकॉर्ड झालंय.

मी चहा आणायला खाली गेलो.

२९ मार्च
सासूबाई शुद्धीवर आहेत. बोलायची बंदी. मला बघून कानाला हात लावला. ऐकवा, म्हणतात. म्हटलं, आई, मशीनची साफसफाई चालू आहे. त्यांनी माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. पेन ड्राइव्ह पुन्हा शर्टाच्या आत टाकला.

मेहुण्याला फोन केला.

३० मार्च
मेहुणा संस्थेत आला. एडिटिंगच्या मशीनसमोर बसला. मी त्याला सर्व समजावून सांगितलं. रॉकेट, झाडू, सुजलेला किडा. तो मध्ये एकदाही बोलला नाही. हे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे.

मग म्हणाला, भाऊजी, झाडूने तोतये काढले. चांगलंच झालं. खरे फोल्डर मागे लपलेले होते. म्हणून दिसत नव्हते. मोजायला भरलेलं होतं ना? तो किडा नव्हता. किडा एवढासा असतो, एखाद्या फोटोइतकाही नसतो. भरलेली होती ती आई.

मी त्याच्यासाठी पाणी आणलं.

त्याने विचारलं, फॉरमॅट क्विक केलंत की फुल? क्विक असेल तर अजून काहीतरी निघेल. सांगितलं. तरीही तो दुपारपर्यंत एकेका मशीनशी झटत राहिला. शेवटी लॅपटॉप मिटला. म्हणाला, ताईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.

मदत करायची नसेल तर माणूस येतो कशाला, असं लिहिणार होतो. पण तो बराच वेळ मदतच करत होता.

३१ मार्च
बायकोला आज सांगणार होतो. ती हॉस्पिटलमधून दमून आली.

१ एप्रिल
आज तारीख योग्य नाही. थट्टा वाटेल.

२ एप्रिल
सांगितलं. आधी किड्याचं स्वरूप समजावलं, मग इंटरनेट बंद करण्यामागची भूमिका. ती म्हणाली, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगितलं.

ती म्हणाली, एकही नाही? म्हटलं, नाही. म्हणाली, पियानोवाल्यांकडे? म्हटलं, तोही मागवून घेतला होता. तिने हॉस्पिटलचा डबा घासायला घेतला. घासलेलाच होता तो. पुन्हा घासला. मग नळ बंद करून म्हणाली, तुम्ही नुसते खुर्चीत बसून राहिला असता, तर सगळं राहिलं असतं.

हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

पेन ड्राइव्ह काढून खणात ठेवला. मान हलकी वाटते. बरं वाटत नाही.

४ एप्रिल
रेकॉर्डिस्ट हॉस्पिटलमध्ये आला. मला वाटलं, राजीनामा द्यायला. त्याने मोबाइल काढला. बायकोला म्हणाला, वहिनी, माझं चुकलंय, परवानगी घेतली नव्हती. वाचताना मध्येच जे काही व्हायचं, ते कापून टाकावं लागतं. टाकवेना. मजा यायची, म्हणून मोबाइलवर घेऊन ठेवत होतो, घरी बायकोला ऐकवायला. पुस्तकातलं यात एक वाक्य नाही.

त्याच्या मोबाइलला माझा पेन ड्राइव्ह लागत नाही. बस, एवढ्यावरच ते वाचलं.

त्याने लावलं. खोलीत सासूबाईंचा आवाज आला. पूर्वीचा. बातम्यांचा. आलात का परत. अहो, आत्ताच तर नेलंत ना, की सांडलं वाटेत? चिरंजीव, तुमचा तो ताईत माइकवर आपटतोय. थांबा, यांना जाऊ द्या, मग नायक मरेल. जावईबापू, तुम्हाला कोणी पाठवतं का, की आपल्या मनाने येता?

सगळं असंच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मलाच.

सासूबाईंचे खांदे हलू लागले. नर्स धावत आली. रडू नका, टाके आहेत, म्हणाली. त्या रडत नव्हत्या. हसत होत्या, आवाज न करता. बायकोने मोबाइल कानाशी धरला आणि पहिल्यापासून पुन्हा लावला. मग पुन्हा. मला बाहेर जा म्हणाली नाही. आत या असंही म्हणाली नाही. मी दारात होतो.

५ एप्रिल
बायकोने ते रेकॉर्डिस्टकडून घेतलं. मेहुण्याला पाठवलं. मेहुण्याने मामे-मावस सगळ्यांना. रेकॉर्डिस्टने पियानोवाल्यांना. त्यांचा फोन आला. म्हणाले, कादंबरीपेक्षा सरस आहे हो. बाईंचं टायमिंग बघा. आमच्या वाद्यवृंदातल्या सगळ्यांना पाठवलं. एक विचारायचं होतं, यातला जावई खरा आहे की काल्पनिक?

म्हटलं, प्रातिनिधिक आहे.

८ एप्रिल
संस्थेची वायर पुन्हा जोडली. मेहुण्याने. मी शिडी धरली.

पुतणीच्या शाळेतही ते गेलं आहे म्हणे. सर्जनच्या मोबाइलवर आहे. मी कुठे काहीही नेलेलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंची औषधं आणायला दुकानात गेलो. गर्दी होती. काउंटरपासून दारापर्यंत, दारापासून काउंटरपर्यंत फेऱ्या घालत होतो. मागे एक अनोळखी बाई मोबाइलमध्ये बघून हसत होत्या. त्यातून आवाज आला, स्पष्ट, अगदी माझ्या कानाशी असल्यासारखा. हा तुकडा हॉस्पिटलमध्ये माझ्या ऐकण्यातून सुटला होता. जावईबापू, बसा हो घटकाभर एका जागी. मी काही पळून जात नाही.

भिंतीशी एक स्टूल होतं. बसलो.